बहात्तर नव्हते, बाबा

प्रिय बाबा,

आज तुमचं पहिलं मासिक झालं. भटजी वेळेवर आले आणि घाईत गेले. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं, मागे वळले, तोवर कावळा शिवलासुद्धा. जेवायला उशीर करणं तुम्हाला कधी जमलंच नाही! आई हात जोडून म्हणाली, "बघलंस? काय एक मनात ऱ्हवला नाय तेंच्या." मी मान हलवली. खरं सांगू? त्या कावळ्याने जरा थांबायला हवं होतं. मला बोलायचं होतं.

म्हणून हे पत्र. साडेचार वाजलेत. सहाला परबकाकू येतील, रोजच्यासारख्या, आईच्या सोबतीला. त्या यायच्या आत हे लिहून संपवायचं आहे, कारण त्या आल्यावर मला एक काम करायचं आहे. ते काम काय, ते शेवटी सांगते.

गोष्ट एका आकड्याची आहे. बहात्तर. महिनाभर दारात येणाऱ्या प्रत्येकाला आई हेच सांगते आहे. "त्या दिवशी सकाळी आमच्या सुजूने नाडी बघलीन. बहात्तर होती. एकदम सरळ. मग दुपारी काय झाला ता देवाक ठाऊक." येणारा म्हणतो, "सुजूने बघितली म्हणजे प्रश्नच नाही. ती शास्त्रज्ञ माणूस." मग ते सगळे माझ्याकडे आदराने बघतात आणि मी आत जाऊन चहा टाकते.

बाबा, ती बहात्तर नव्हती.

महिना झाला, मला रडू आलेलं नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. चुलत्यांना वाटलं, पोर खंबीर आहे. खंबीर कसली! दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो, मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं झालंय सगळं. दादरला जाऊन तुमच्या फोटोसाठी हार आणते. फुलवाला विचारतो, "ताई, मोगरा की शेवंती?" मी म्हणते, "काहीही दे." तुमचा चष्मा अजून टीव्हीवर आहे. त्याच्यावरची धूळसुद्धा मी पुसते. मला काही होत नाही.

तुम्हाला खंडेनवमीचा तो दिवस आठवतो का? मी दुसरीत होते. गिरणीत यंत्रांची पूजा होती आणि घरच्यांना आत यायची मुभा होती. तुम्ही रिंगखात्यात फिटर. सूत जिथे कातलं जातं ते खातं, ओळीने शेकडो चात्या, प्रत्येक चातीवर एक बॉबिन. सगळ्या साच्यांना, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांना, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूजा झाल्यावर तुम्ही खात्याच्या मास्तरांची परवानगी काढून आम्हा पोरांसाठी एक साचा चालू केलात. एका चातीच्या बुडाला खडूने पांढरी रेघ ओढली होतीत. साचा सुरू झाला आणि रेघ गायब! नुसता धुरकट पट्टा. मग तुम्ही एक हातदिवा आणलात. तो भराभर लुकलुकायचा आणि त्याला एक गोल खुंटी होती. खुंटी फिरवत फिरवत एका जागी आलात आणि रेघ थांबली. मिनिटाला बारा हजार फेरे घेणारी चाती माझ्यासमोर ढिम्म उभी होती.

मी बोट पुढे केलं. तुम्ही माझा हात असा काही झटकलात की मी रडायलाच लागले. "ती उभी नाय गो! दिवो फसवता." दिव्याची उघडझाप आणि चातीचे फेरे जुळले, की दर वेळी रेघ त्याच जागी दिसते, म्हणून ती थांबल्यासारखी वाटते. मग खुंटीवरचा आकडा वाचायचा, तोच चातीचा वेग. हे तुम्ही मला सात वर्षांची असताना समजावलंत, आणि मला समजलंसुद्धा.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं होतं. तुम्ही खुंटी मागे घेतलीत, दिवा निम्म्या वेगाने लुकलुकायला लागला, आणि रेघ पुन्हा थांबली! कारण चाती दोन फेरे घेते आणि दिवा एकदाच बघतो. मधला फेरा त्याला दिसतच नाही. "आता वाचशीत तर अर्धोच आकडो वाचशीत," तुम्ही म्हणालात. "एकदा उभी ऱ्हवली म्हणान इस्वास ठेवचो नाय. दुप्पट करून बघूचा. दोन रेघो दिसल्यो, तरच पयलो आकडो खरो."

माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर उभी आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं का? नाही सांगितलं. भाषणं ठोकली जगभर, आणि लोअर परळच्या खोलीत दोन वाक्यं बोलायला वेळ नव्हता.

माझा तारा तुम्हाला माहीत होता, कारण तुम्ही चिवटपणे विचारायचात. मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, कुलाब्यापासून अंधेरीपर्यंत मावेल एवढाच, पण सूर्याहून जड. शेजारी एक साधा तारा, दोघं एकमेकांभोवती फिरताहेत. हा गाभा शेजाऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू गरगरत खाली येतो, इतका तापतो की क्ष-किरण फेकतो, आणि ते किरण सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात. आम्ही उपग्रहातून ती थरथर मोजतो आणि गाभा स्वतःभोवती किती वेगाने फिरतो ते शोधतो. मी म्हटलं होतं, "बाबा, सेकंदाला तीनशे फेरे!" मला वाटलं, तुम्ही तोंडात बोट घालाल. तुम्ही मनात हिशेब केलात. "आमची चाती दोनशे घेयत होती. म्हणजे तुझो तारो फक्त दीडपट? आणि बेरिंगाक तेल कोण घालता?"

केवढी हसले होते मी! आई आतून ओरडली होती, "काय झाला, माका पण सांगा."

त्या तीनशेतच घोळ होता. थरथरीचे दोन सूर मिळतात आणि त्यांच्यातलं अंतर तीनशेच्या आसपास राहतं. काही ताऱ्यांत हे अंतर फिरण्याच्या वेगाइतकं असतं, काहींत त्याच्या निम्मं. माझ्या ताऱ्यात कोणतं? मी म्हणत होते, तीनशे हाच वेग. एक पुरावा मात्र आडवा येत होता. ताऱ्यावर साठलेला वायू एकदा काही सेकंदांसाठी भडकला होता, आणि त्या भडक्यात सहाशेची थरथर होती. मी त्याला उत्तर शोधून ठेवलं होतं. समोरासमोर दोन तापलेले डाग असतील, एका फेरीत दोनदा दिसत असतील, म्हणून सहाशे.

तुम्हाला मी चातीच्या भाषेत सांगितलं. एका रेघेऐवजी दोन रेघा, समोरासमोर. तुम्ही माझ्या हातातला त्या थरथरीच्या आलेखाचा कागद घेतलात आणि सहाशेच्या टोकावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "दोन रेघो कधी एकसारख्यो नसतत गो. एक तरी पुसट असतलीच. मग तुझो तीनशे पण थोडोसो दिसाक होयो. दिसता काय?"

मी काय म्हणाले, आठवतंय? "बाबा, ही गिरणी नाही." एवढंच म्हणाले. तुम्ही कागद घडी करून उशीखाली ठेवलात. तुम्हाला राग आला नव्हता, हे जास्त वाईट आहे.

आणि मग तो शुक्रवार. संस्थेत त्याच ताऱ्यावर माझं भाषण होतं, साडेअकराला. नऊ वाजता मी साडीला पिन लावत होते आणि तुम्ही खाटेवर बसून म्हणालात, "सुजू, छातीत पाखरू फडफडल्यासारखा वाटता." मी करोनातलं ते बोटाला लावायचं यंत्र कपाटातून काढलं. सेल घातले. तुमच्या बोटाला लावलं. आकडा हलला, डुलला, आणि बहात्तरवर उभा राहिला.

"बहात्तर! बाबा, माझ्यापेक्षा तुम्ही फिट आहात," मी म्हणाले. तुम्ही हसलात. मी यंत्र खाटेवर टाकून निघाले. मनगट धरलं नाही. छातीवर हात ठेवला नाही. आकडा उभा राहिला आणि मी विश्वास ठेवला.

भाषण छान झालं, बाबा. टाळ्या पडल्या.

दोन वाजता आईचा फोन आला. मी पोचले तोवर चाळीतल्या मुलांनी तुम्हाला परळच्या इस्पितळात नेलं होतं. तुमच्या छातीला तारा लावल्या होत्या आणि बोटाला चिमटा. दोन वेगळे पडदे होते. छातीचा पडदा एकशे चव्वेचाळीस दाखवत होता. बोटाचा बहात्तर.

मी तिथे उभ्या उभ्या भागाकार केला. मला बापाच्या तोंडाकडे बघायचं सोडून तेवढंच सुचलं.

डॉक्टर पोरगेलासा होता, बिचारा रात्रपाळीनंतरही थांबलेला. त्याने सांगितलं की हृदय इतकं धावत होतं, की एकाआड एक ठोक्याला आत पुरेसं रक्तच भरत नव्हतं. तो ठोका पोकळ जायचा, बोटापर्यंत पोचायचाच नाही. यंत्राने फक्त पोचलेले ठोके मोजले. "सकाळीही असंच असेल?" मी विचारलं. "असू शकतं," तो म्हणाला. "सकाळीच आणलं असतं तर?" तो खाली बघत म्हणाला, "सांगता येत नाही, मॅडम."

पाच वाजता तुम्ही गेलात.

सांगता येत नाही! त्याने हो म्हटलं असतं तर मी काहीतरी फोडलं असतं. नाही म्हटलं असतं तर रडले असते. त्याने मला मधेच लटकवून ठेवलं आणि त्याच्याकडे खरंच दुसरं उत्तर नव्हतं. आयुष्यभर जिने अर्ध्या आकड्याने फसायचं नाही हेच काम केलं, ती घरच्या खाटेवर अर्ध्या आकड्याने फसली. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली असती तर मी म्हटलं असतं, त्याला काय माहीत. मला माहीत होतं. मला सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

थोडा राग तुमच्यावरही आहे. बोलू? तीन जिने चढताना तुम्ही दुसऱ्या मजल्यावर थांबून चपलेचा अंगठा तपासायचात. अंगठ्याला काही झालेलं नसायचं. दम लागलाय म्हणायला काय जात होतं तुमचं? मिक्सर, पंखे, लोकांच्या शिलाई मशिनी, सगळ्यांची कुरकुर तुम्हाला लांबून ऐकू यायची. स्वतःची तेवढी लपवलीत.

परवा उशीचा अभ्रा बदलताना तो आलेख सापडला. तुम्ही पेन्सिलने सहाशेच्या टोकाभोवती गोल केलाय आणि तीनशेच्या रिकाम्या जागी प्रश्नचिन्ह काढलंय. काल मी लॅपटॉप उघडला. भडक्याच्या सगळ्या नोंदी परत चाळल्या आणि तीनशे शोधलं. हर तऱ्हेने शोधलं. पुसटसुद्धा नाही. दोन डाग नाहीतच, एकच आहे. माझा तारा सेकंदाला सहाशे फेरे घेतो, बाबा. तुमच्या चातीच्या तिप्पट. तुमचं बरोबर होतं. टाळ्या पडल्या त्या चुकीच्या आकड्याला.

संस्थेत सगळ्यांना आजच कळवून टाकलं. तिथे चूक कबूल करणं सोपं आहे, एक ईमेल लागतो. घरी मात्र महिनाभर तोंड उघडलं नाही. आईचा सगळा धीर त्या बहात्तरवर टेकलेला होता. लेकीने बघितलं होतं, सगळं ठीक होतं, देवाने अचानक नेलं. तिच्याकडून ते काढून घ्यायचं? मग तिने माझ्याकडे कसं बघायचं?

तुमची ती नव्या साच्याची गोष्ट मी या महिन्यात शंभर वेळा मनात ऐकली असेन. तुम्ही विशीत होता. नवा साचा बसला होता, त्याची चाल कुणालाच माहीत नव्हती, आणि तुम्ही दिव्याने वेग वाचलात तो निम्मा. मास्तरांनी वेग वाढवायला पुली बदलली. साचा सुरू होताच सूत तटातट तुटायला लागलं. सूत सांधणारे कामगार दिवसभर शिव्या खात राहिले, हात चालत नाहीत म्हणून. संध्याकाळी तुम्हाला तुमची चूक कळली. मास्तरांना एकट्याला गाठून सांगता आलं असतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी त्या साच्यासमोर उभे राहिलात आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलंत, "आकडो मी चुकीचो वाचलंय. ह्येंचा काय चुकला नाय." तुम्ही म्हणायचात, ज्यांच्या कानांवर चूक गेली, त्यांच्याच कानांवर दुरुस्ती जायला हवी.

म्हणून आज भटजी गेल्यावर मी आईला सांगितलं.

ती कुळीथ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, यंत्र, दोन पडदे, पोकळ ठोके. एकदाही अडखळले नाही, भाषण केल्यासारखं सांगितलं. ती निवडतच राहिली. एक खडा बाजूला टाकला.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"चव्वेचाळीस वर्षां त्या छातीशेजारी झोपलंय मी. माका यंत्र कित्याक होया? त्या दिवशी पहाटे हात ठेवलंय तर धाडधाड चल्ला होता. मी म्हटलंय, सुजूक उठवतंय. तर म्हणाले, नको, आज तिचा भाषण हा. ती येवंदे, मग जाव."

"मग मी यंत्र लावलं तेव्हा तू काही बोलली का नाहीस?"

"तू बहात्तर म्हटलंस. माका वाटला, उतरला आसतला." तिचे हात थांबले. "आणि मग इस्पितळात तुझा तोंड बघलंय. तेवाच ठरवलंय, कोण इलो तर आपणच आधी सांगूचा. बहात्तर होती म्हणान. कोणी तुका बोल लावता नये."

म्हणजे माझ्यासाठी! महिनाभर माझ्यासाठी, बाबा. मी तिला सांभाळत होते आणि ती मला. आणि तुमच्या त्या धडधडीवर ठेवलेला स्वतःचा हात ती एकटी घेऊन बसली होती. तिला कुणी विचारलंच नाही, तुला काय वाटलं होतं म्हणून.

मला तेव्हाही रडू आलं नाही. काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी तिचं मनगट धरलं. यंत्र नाही, दोन बोटं. आणि दुसरा हात तिच्या छातीवर, पदरावरून. भिंतीवरचं घड्याळ बघत मोजायला लागले. दोन्हीकडे ठोका बरोबर पडत होता, एकही पोकळ नव्हता. चाळीसच्या पुढे आकडा चुकला. मी परत एकपासून सुरुवात केली. पुन्हा चुकला. आई म्हणाली, "मोज, मोज. माका खंय जावचा हा?" ती हात पुढे करून तशीच बसून राहिली.

एवढंच सांगायचं होतं. खालच्या जिन्यावर परबकाकूंच्या चपला वाजताहेत, त्या नेहमीच वेळेच्या आधी येतात. आता ते काम.

त्या येऊन बसतील, पदराने वारा घेतील, आणि आई सवयीने सुरू करेल. बाबा, मी तुम्हाला शब्द देते, आज मी तिला बहात्तर म्हणू देणार नाही. मी आधी बोलेन. काकूंना सांगेन, मग वरच्या मजल्यावर, मग काकांकडे, जिथे जिथे तो आकडा गेलाय तिथे तिथे. एकशे चव्वेचाळीस होते. आकडा मी चुकीचा वाचला. आईचं काही चुकलं नाही.

तुमची,
सुजू